घंटा नसलेल्या गावात

पालकांच्या पानासाठी बाईंनी यंदा विषय दिला आहे, 'आमचे घर आणि आमचे रोजचे वागणे'. आमच्याकडून नाताळवरच लेख येईल, असे बऱ्याच जणांना वाटले असेल, कारण वर्गात ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत. पण नाताळ वर्षातून एकदा येतो. करंज्या, केक, गोठ्याचा देखावा, चांदणीचा कंदील हे सर्व पंधरा दिवसांत आटोपते. उरलेल्या दिवसांत ख्रिस्ती माणसाने कसे वागायचे, हा खरा अवघड विषय आहे. तो घ्यावा असे आम्ही ठरवले. आम्ही म्हणजे घरातली चार माणसे. टाइप करणारा एकटा असला, तरी वाचून दुरुस्त्या चौघांनी केल्या आहेत.

आधी आमच्या गावाबद्दल थोडे. आम्ही वसईचे. घरात वाडवळी बोलतो, शाळेत मराठी शिकलो. केळीची वाडी, विहिरीवरचा रहाट, उन्हात वाळणारी सुकेळी आणि गावाच्या मधोमध चर्च, असे आमचे गाव. चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजायची, सकाळी, दुपारी आणि सांजेला. घंटा वाजली की वाडीत काम करणारी माणसे फावडे खाली ठेवून उभी राहत, कपाळावर-छातीवर क्रूसाची खूण करत, लहानशी प्रार्थना म्हणत आणि पुन्हा कामाला लागत. सांजेच्या घंटेनंतर मुलांनी बाहेर राहायचे नाही, असा आजीचा कायदा होता. गावात कोणी वारले तरी घंटेवरून कळे. तिचे ठोके वेगळे असत, सावकाश पडणारे.

मुलांनो, वसईच्या घंटांची एक गोष्ट तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. १७३९ साली चिमाजीआप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या विजयानंतर किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात अशी एक घंटा आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर दुसरी आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीतच जाऊन बसली. त्या लढाईतली लूट म्हणून गेल्या, हे खरेच आहे. पण गेली जवळजवळ तीनशे वर्षे त्या वाजत आहेत आणि भक्तांना देवाची आठवण करून देत आहेत. सुट्टीत गावी गेलात आणि भीमाशंकरला जाणे झाले, तर ती घंटा जरूर पाहा. तुमच्या वर्गातल्या दोन मुलांच्या गावाहून ती तिथे गेली आहे.

आता दुबईकडे येऊ. इथे घंटा नाही. या देशात चर्च आहेत, आणि चांगली मोठी आहेत. अबू धाबीचे सेंट जोसेफ चर्च १९६५ चे. दुबईतल्या औद मेथा भागातल्या सेंट मेरीज चर्चसाठी शेख राशिद यांनी जमीन दिली आणि १९६७ साली पहिली इमारत उभी राहिली. आताची इमारत १९८९ ची आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी असते की पार्किंग मिळाले तर तोच एक चमत्कार वाटतो. पण नियमाप्रमाणे चर्चला घंटेचा मनोरा बांधता येत नाही. क्रूसही बाहेरून दिसेल असा लावायचा नसतो, जरी काही ठिकाणी तो दिसतो. प्रार्थना आवाराच्या आत करायची. आपला धर्म दुसऱ्याने घ्यावा म्हणून प्रचार करायला कायद्याने बंदी आहे. त्या मर्यादेत आम्हाला मोकळेपणाने उपासना करता येते, आणि याबद्दल आम्ही या देशाचे ऋणी आहोत.

ख्रिस्ती धर्म या भूमीला नवा नाही, हेही सांगायला हवे. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर १९९२ साली एका जुन्या मठाचे अवशेष सापडले. सातव्या-आठव्या शतकात तिथे ख्रिस्ती साधू राहत आणि प्रार्थना करत. सहलीला गेलात तर तेही पाहता येते.

पण गावात जी आठवण घंटा करून देत असे, ती इथे कोण करून देणार? आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आले ते शेजारच्या मशिदीतून. आमच्या इमारतीपासून मशीद हाकेच्या अंतरावर आहे. सूर्यास्ताची अजान झाली की आमची सांजेची प्रार्थना, असा नियम आपोआप पडला. सूर्य काही घड्याळाकडे बघून मावळत नाही. डिसेंबरात अजान साडेपाचच्या सुमारास होते, जूनमध्ये सात वाजून जातात. आम्हीही त्याप्रमाणे पुढेमागे सरकतो. पुष्कळदा त्या वेळी शेख झायेद रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेलो असतो. मग मोटारीतला रेडिओ बंद करायचा आणि मागच्या सीटवरून धाकट्याने सुरुवात करायची. प्रार्थना मराठीत. शाळा इंग्रजीत, दुकान हिंदीत, कार्टून आणखी कशात तरी. दिवसातली ही पाच मिनिटे मात्र आजीच्या भाषेत.

वाराचीही अशीच गंमत. आम्ही २००९ साली इथे आलो, तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवार होती. रविवार हा कामाचा पहिला दिवस. त्यामुळे रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारी ऐकायचो. थोरली बालवर्गात होती, तेव्हा तिने वार म्हणून दाखवताना 'शुक्रवार म्हणजे चर्चवार' असे सांगितले होते. १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शनिवार-रविवार झाली, शारजात शुक्रवारही धरून तीन दिवस. आता रविवारची मिस्सा रविवारी होते आणि मराठीचा वर्ग शनिवारी. या अदलाबदलीतून मुले एक गोष्ट शिकली. देव वाराला बांधलेला नाही. वार लागतो तो आपल्याला, नाहीतर आपण विसरतो.

आता वर्गातलाच एक प्रसंग. मागे गणपतीच्या दिवसांत वर्गात मोदक केले होते. आमचा धाकटा मोठ्या हौसेने पाऱ्या दुमडत होता. शेजारच्या मुलाने सहज विचारले, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग मराठी कसे?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नव्हते. पण आमचा मुलगा घरी येईपर्यंत गप्प होता. जेवताना त्याने विचारले, "आपण मराठी आहोत, की ख्रिस्ती?"

प्रश्न आठ वर्षांच्या मुलाचा असला, तरी आम्ही दोघे जेवायचे थांबलो. इथे शाळेत तो 'इंडियन', चर्चमध्ये अनेक देशांच्या माणसांतला एक, आणि मराठीच्या वर्गात, जिथे त्याला अगदी घरचे वाटते, तिथे हा प्रश्न. त्याला नुसते 'दोन्ही' असे सांगून भागणार नव्हते. म्हणून त्या रात्री आम्ही त्याला दोन माणसांची ओळख करून दिली.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्लंडचे. १५७९ साली ते गोव्यात आले आणि इथली भाषा शिकले. येशूची गोष्ट सांगायची, तर ती लोकांच्या भाषेत आणि लोकांना आवडणाऱ्या रीतीने सांगायला हवी, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी ओवी घेतली. ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी! जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. मराठी भाषेवर त्यांचे इतके प्रेम की, त्या ग्रंथात त्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली आहे. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांची फुलामुलांच्या कविता शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केल्या गेल्या. येशूवर त्यांनी भजने आणि अभंग लिहिले, टाळ-मृदंगावर गायचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आपल्या वर्गाच्या कपाटात आहे, पालकांनी ते जरूर न्यावे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या. पण पुढे विचार करता करता त्यांना वाटले की माणसामाणसांतला उच्च-नीच भेद देवाने केलेला नाही, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला पटले म्हणून त्यांनी तो सोडला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आम्हाला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी वागणे बदलले, मग नाव.

अलीकडचे नाव हवे असेल, तर आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २०२४ साली ते वारले.

धाकट्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे मी मराठीत ख्रिस्ती आहे." व्याकरणाच्या बाईंनी काय गुण द्यायचे ते द्यावेत. आम्ही त्याला पैकीच्या पैकी दिले.

आता सर्वांत अवघड भाग. प्रार्थना झाली, भाषा झाली. पण वागण्याचे काय?

२०२५ साली रमजान आणि आमचा उपवासकाळ जवळजवळ एकत्रच आले. इथे १ मार्चला रोजे सुरू झाले आणि ५ मार्चला आमचा राखेचा बुधवार. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस आम्ही साधेपणाने राहतो. मांसाहार कमी, गोड बंद, आणि वाचलेले पैसे दानाच्या पेटीत. त्या महिन्यात आमच्या इमारतीत उपवासाला कोणी एकटे नव्हते.

आमच्या पार्किंगमध्ये पहाटे मोटारी धुणारा एक माणूस आहे. बांगलादेशचा, आम्ही सर्व त्याला भाई म्हणतो. एका सकाळी आम्ही खाली उतरलो, तेव्हा तो मोटारीपाशी उभा होता. काम संपून त्याला दोन तास झाले असावेत. "साहेब, ही रेघ माझ्याकडून पडली. बादलीची कडी लागली," असे म्हणून त्याने दाराकडे बोट दाखवले. दोन वीत लांब रेघ, पांढऱ्या रंगातून खालचा पत्रा दिसणारी. मोटार नवी होती.

शाळेत जाताना थोरलीने विचारले, "त्याने सांगितले नसते तर आपल्याला कळले असते का?" आम्ही म्हटले, नसते कळले, पार्किंगमध्ये अशा रेघा पडतच असतात. "मग त्याने का सांगितले?" आम्ही म्हटले, ते त्यालाच विचार. दुसऱ्या दिवशी तिने खरेच विचारले. तो म्हणाला, "बेटी, रोजा आहे. खोटे बोललो तर तो रोजा कसला? नुसते उपाशी राहणे."

पुढचा प्रश्न आमचा होता. तक्रार केली, तर नुकसानीचे पैसे त्याच्या पगारातून कापले जाणार, हे त्यानेच सांगितले. आणि इथे पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला रंगाला हात लावत नाही. कागद काढायचा, तर रेघ कशी पडली ते सांगायला हवे, म्हणजे त्याचे नाव आले. संध्याकाळी चौघांची बैठक भरली. एक मत असे पडले की नियम तो नियम, आणि मोटारीचे हप्ते काही कोणी माफ करत नाही. ते मत चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. दुसरे मत असे की, रोज म्हणतो त्या प्रार्थनेत काय मागतो ते आधी पाहू या.

येशूने शिकवलेली एक प्रार्थना आहे. जगभरचे ख्रिस्ती लोक ती रोज म्हणतात. तीत आपण देवाकडे भाकर मागतो आणि क्षमा मागतो. पण क्षमा मागताना एक अट आपण स्वतःच घालून घेतो, की आम्ही दुसऱ्यांना जशी क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे, तर हा प्रोग्राम 'जर-तर'चा आहे. 'जर' आपल्या हातात, 'तर' देवाच्या हातात.

शेवटी तक्रार करायची नाही असे ठरले. रेघ तशीच आहे. ज्यांनी आमची मोटार पाहिली आहे त्यांना ती माहीत असेल. विकताना त्या रेघेपायी पैसे कमी येणार, हेही ठाऊक आहे. मुलांना आम्ही हेच समजावले. 'जाऊ दे' म्हणणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'जाऊ दे' म्हणायला काही लागत नाही. क्षमेला खर्च असतो, आणि तो चूक करणाऱ्याऐवजी आपण भरायचा असतो. तसे पाहिले तर गुड फ्रायडेचा अर्थ तोच आहे. दर वर्षी चर्चमध्ये लांबलचक प्रवचन ऐकून मुलांना जे कळत नव्हते, ते पार्किंगमध्ये कळले.

त्या रमजानमध्ये भाईच्या इफ्तारीसाठी खजुराबरोबर आजीने पाठवलेली सुकेळी गेली. वाळवलेले केळे त्याने पहिल्यांदाच खाल्ले. आवडले. आता दर वर्षी मिळणार का, असे विचारतो.

ऑफिसातही विश्वासाची परीक्षा मोठ्या प्रसंगांत होत नाही. ती आठवड्याच्या मीटिंगमध्ये होते. प्रोग्राम रात्री बंद पडला की सकाळी पहिला प्रश्न येतो, 'कोणी केले?' आमच्या गटात आम्ही तो प्रश्न मागे नेला आहे. आधी काय झाले, मग ते पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे. नाव बहुतेक वेळा लागतच नाही. तसेच, दुसऱ्याने केलेले काम सांगताना त्याचे नाव घ्यायचे, विशेषतः तो खोलीत नसताना. यात येशूचे नाव कुठेही येत नाही, आणि यायचे कारणही नाही. ज्या देशात धर्माचा प्रचार करायचा नाही, तिथे एक सोय आपोआप होते. बोलून दाखवता येत नाही म्हणून वागावे लागते.

घरातले नियमही लहान लहानच आहेत. इमारतीचा वॉचमन, कचरा नेणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा यांना नावाने हाक मारायची. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार तारखेलाच, आपला पगार लांबला तरी. रागावून झोपायचे नाही. हा शेवटचा नियम मोठ्यांना जास्त जड जातो, असे थोरलीचे मत आहे, आणि तिने ते इथे लिहायला लावले आहे.

वाचणाऱ्यांपैकी बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्याही गावात अशी एखादी घंटा असेल. देवळातली असेल, काकडआरतीचा आवाज असेल, तुळशीपुढचा दिवा असेल, नाहीतर भल्या पहाटे ओवी म्हणणारी आजी असेल. तो आवाज इथे येत नाही. आपण तो मागे ठेवून आलो. आपल्या मुलांनी तर तो ऐकलेलाच नाही. त्यांना तो कुठून आठवणार? म्हणून तो रोज ठरल्या वेळी आपल्यालाच घरात वाजवावा लागतो, आणि तो खरेच वाजला की नाही, हे आपण दिवसभर कसे वागलो त्यावरून कळते.

तर मुलांनो, पुढच्या शनिवारी वर्गात येण्यापूर्वी आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा, "तुमच्या लहानपणी सांज झाली हे कशावरून कळायचे?" त्यांचे उत्तर पाच ओळींत लिहून आणा. आमच्या आजीचे उत्तर धाकट्याच्या वहीत आहे. ज्याला बघायचे असेल त्याला तो दाखवेल.